विजेची मोटार, आपले इथेनॉल आणि उसाचा एक टन

गेल्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचून झाला, डिस्टिलरीच्या विस्ताराचा ठराव पुढे आला आणि मागच्या रांगेतून एक वयस्कर सभासद उठून उभे राहिले. म्हणाले, "साहेब, इथेनॉलसाठी एवढं कर्ज काढताय, ते बरोबरच असंल. पण माझा नातू पुण्यात विजेची गाडी घेऊन फिरतोय. उद्या सगळ्यांनीच विजेच्या गाड्या घेतल्या, तर आपलं इथेनॉल घ्यायचं कुणी?" सभेत हशा पिकला. जेवणाची वेळ झाली होती, ठराव मंजूर झाला आणि मंडळी पंगतीला गेली. आबांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मी कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात नोकरीची सगळी वर्षे काढली. त्यामुळे संपादकांनी हा प्रश्न माझ्याकडे ढकलला. मोटारीतला मी जाणकार नव्हे, पण युनिट आणि वाफ यांचा हिशेब आयुष्यभर केला आहे. तोच येथे मांडतो. आकडे ठोकळ आहेत. कुठे चूक आढळली तर गाठून जरूर सांगावे.

पहिली गोष्ट म्हणजे ही मोटार नवी नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेच्या मोठ्या शहरांत धावणाऱ्या मोटारींपैकी साधारण तिसरा हिस्सा विजेवरचा होता. पेट्रोलच्या गाडीला हँडल मारून सुरू करावे लागे, त्यात मनगटे मोडत. १९१२ साली कॅडिलॅक कंपनीने गाडीला सेल्फ बसवला आणि विजेची मोटार मागे पडली. आपल्याकडे बंगळुरूची 'रेवा' २००१ मध्ये आली, पण ती कौतुकापुरतीच राहिली. खरी सुरुवात अलीकडची. टाटांची विजेवरची नेक्सॉन २०२० च्या जानेवारीत बाजारात आली, तीही आपल्या रांजणगावात तयार झालेली. एस. टी. ने १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर 'शिवाई' ही विजेवरची बस सोडली. १९४८ साली याच तारखेला याच मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली होती, हे जुन्या मंडळींच्या लक्षात असेल.

युनिटचा हिशेब

आता गाडीच्या पोटात शिरू. एक लिटर पेट्रोलमध्ये उष्णतेच्या मापाने साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. त्यातला फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे बाहेर जाते. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी गाडी नऊ युनिट खाऊन पंधरा किलोमीटर जाते. विजेची मोटार मीटरवरच्या एका युनिटमध्ये सहा किलोमीटर जाते. विजेच्या मोटारीत उष्णता होऊन फुकट जाणारा भाग फारच थोडा. शिवाय ब्रेक लावला की तीच मोटार डायनॅमो होते आणि थोडी वीज परत बॅटरीत भरते.

खर्चाचे बघा. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे किलोमीटरला सात रुपये. घरच्या मीटरवर युनिट बारा रुपयांना धरले तर किलोमीटरला दोन रुपये. हमरस्त्यावर खाजगी चार्जरवाले युनिटला पंधरापासून पंचवीस रुपयांपर्यंत घेतात, तिथे हा खर्च अडीच ते चार रुपयांवर जातो. ऑइल बदलणे नाही, क्लच नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. ज्यांचे रोज पन्नास-साठ किलोमीटर जाणे-येणे आहे, त्यांची बचत वर्षाला लाखाच्या घरात जाते. ज्यांची गाडी लग्नसराई आणि आठवडी बाजारापुरती निघते, त्यांनी मात्र या नादाला लागू नये. गाडीची किंमत जास्त आहे, ती धावल्याशिवाय वसूल होत नाही. विजेच्या गाडीवर जी. एस. टी. पाच टक्केच आहे हे खरे, पण सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा करही अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे सवलतीतला फरक पूर्वीइतका उरलेला नाही.

शोरूममधला विक्रेता सांगणार नाही अशा काही गोष्टी आपल्या भागात आहेत. गाडी घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर लावली तर तासाला तीन युनिट जेमतेम जातात, म्हणजे तीस युनिटची बॅटरी भरायला रात्र पुरत नाही. गावठाणात हे जमून जाते. वस्तीवर मात्र सिंगल फेज, त्यात संध्याकाळी दाब इतका उतरतो की पंखासुद्धा कण्हत फिरतो. गाडी तिथे चार्जिंगच घेत नाही. दुसरे अर्थिंग. आपल्याकडे अर्थिंग म्हणजे वीस वर्षांपूर्वी पुरलेली एक तार. या गाड्यांचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते धड नसेल तर लाल दिवा लावून बसतो. माझ्या भाच्याने गाडी आणली त्या रात्री घरची सगळी मंडळी गाडीला दोष देत होती. दुसऱ्या दिवशी खड्डा उकरून नवी पट्टी, कोळसा आणि मीठ टाकून पाणी ओतले, तेव्हा गाडी मुकाट्याने चार्ज झाली.

तिसरी गोष्ट जरा स्पष्टच सांगतो. शेतीपंपाच्या जोडणीवरून मोटार चार्ज करू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे, तेव्हा "कोण बघायला येतंय" असे वाटणे साहजिक आहे. पण ज्या कारणासाठी जोडणी दिली ते सोडून दुसरीकडे वीज वापरणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय डी. पी. वर आधीच भार असतो. एकाच्या मोटारीपायी दहा जणांचे पंप बंद पडले तर बांधाला बांध असलेल्या माणसांत वितुष्ट यायला वेळ लागत नाही.

लांबच्या प्रवासाचेही असेच. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर चार्जर आहेत. आडवळणाला मात्र नकाशावर चार्जर दिसतो आणि प्रत्यक्षात हॉटेलवाला म्हणतो, "चार दिवस झालं बंद हाय, माणूस यायचाय." भाचा असाच एकदा अडकला आणि बायकामुलांसह त्याच हॉटेलात मुक्कामाला राहिला. कागदावर तीनशे किलोमीटर लिहिले असले तरी ए. सी. लावून, घाट चढून दोनशेच धरून चालावे.

धूर जातो कुठे

आता पर्यावरणाचे. या गाडीला सायलेन्सर नाही, त्यामुळे बाजारपेठेत, शाळेच्या फाटकापाशी धूर होत नाही. हा फायदा निर्विवाद आहे. पण धूर नाहीसा झाला असे समजू नये. तो कोराडीला आणि चंद्रपूरला गेला. देशात तयार होणाऱ्या विजेपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशाची आहे. एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. विजेची सरासरी काढली, म्हणजे धरणाची, वाऱ्याची, उन्हाची वीज मिसळून, तरी युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन वायू हवेत जातो. त्यावर तारांतली गळती. असे धरले तर विजेची मोटार शंभर किलोमीटरमागे साधारण साडेतेरा किलो वायू सोडते, फक्त दुसऱ्याच्या दारात. पेट्रोलची गाडी पंधरा किलो स्वतः सोडते आणि तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे हे मिळवून अठराच्या वर जाते. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. त्यात पेट्रोलमध्ये आपले वीस टक्के इथेनॉल आले की तो आणखी कमी होतो.

बॅटरी तयार करतानाच दोन-अडीच टन वायू बाहेर पडलेला असतो. म्हणजे नवी विजेची मोटार देणे अंगावर घेऊनच घरी येते. आजच्या विजेवर ते फिटायला चाळीस-पन्नास हजार किलोमीटर धावावे लागते, कोणाला चार वर्षे, कोणाला दहा. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची आहे. पेट्रोलची गाडी जुनी होईल तशी जास्त धूर ओकते. विजेच्या मोटारीला लागणारी वीज वर्षागणिक स्वच्छ होत चालली आहे आणि घराच्या छपरावर सौर पॅनल असतील तर देणे फार लवकर फिटते.

बॅटरीचा माल येतो कुठून, हेही सभासदांना ठाऊक असावे. लिथियम ऑस्ट्रेलियाच्या खाणींतून आणि दक्षिण अमेरिकेतल्या चिलीच्या अटाकामा वाळवंटातून येते. अटाकामात जमिनीखालचे खारे पाणी उपसून मोठमोठ्या तळ्यांत वर्षभर आटवतात. पाऊस ठाऊक नसलेल्या मुलखात हा उपसा चालतो आणि तिथले लोक पाण्यासाठी तक्रार करतात. आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला त्यांचे दुःख समजावून सांगायला नको. कोबाल्टचा मोठा वाटा आफ्रिकेतल्या काँगोचा, आणि तिथल्या खाणींत लहान मुलेही राबताना आढळली आहेत. लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही आणि ती उष्णताही बरी सोसते, तेव्हा गाडी घेणाराने जात विचारून घ्यावी. बॅटरीतले सेल बहुतेक चीनमधून येतात. अरबांचे तेल सोडून चीनचे सेल धरले, एवढाच काय तो बदल. हमी बहुधा आठ वर्षांची असते. निकामी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. भंगारवाल्याला ती विकू नये आणि उघडून तर मुळीच बघू नये.

आबांच्या प्रश्नाकडे

एक टन ऊस घ्या. त्याची साखर केली तर शंभर किलो साखर निघते आणि मळीपासून दहा-अकरा लिटर इथेनॉल. रसाचे थेट इथेनॉल केले तर सत्तर लिटर. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून नुसत्या इथेनॉलवर चालणारी गाडी लिटरला दहा किलोमीटर धरा. एका टनावर सातशे किलोमीटर झाले. पण हिशेब इथे संपत नाही. त्याच टनाचे पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस उरते. ते हाय प्रेशर बॉयलरला लावले आणि कारखान्याचा वापर वजा केला, तर ऐंशी युनिटच्या आसपास वीज बाहेर देता येते. डिस्टिलरीलाही वाफ लागते म्हणून साठच धरू. साठ युनिटवर विजेची मोटार ३६० किलोमीटर जाते. म्हणजे तुमच्या एका टनात दोन्ही गाड्या आहेत. आजवर आपण इथेनॉलची बाजू आणि विजेची बाजू अशी भांडणे ऐकली, पण आपल्या कारखान्याच्या फाटकातून दोन्ही बाहेर पडतात. विजेच्या गाड्या वाढल्या म्हणून आपले अगदीच नुकसान होईल असे नव्हे.

मात्र हिशेब करायचाच तर पुरता करावा. एकरी चाळीस टन उतारा धरला, तर एक एकर उसावर इथेनॉल आणि वीज मिळून मोटार वर्षाला चाळीस हजार किलोमीटरच्या थोडी वर जाते. त्याच एकरावर सौर पॅनल टाकले तर वर्षाला तीन लाख युनिट वीज होते आणि मोटार अठरा लाख किलोमीटर जाते. चाळीस पट! हे मला स्वतःलाच खरे वाटेना, म्हणून तीनदा केले. कारण सरळ आहे. वनस्पती उन्हातले शंभरातले एक-दोन भाग धरते, पॅनल वीसएक भाग धरते. वर पाण्याचा बोजा आहेच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी धरले आहे. आपण ठिबक करून तो आकडा कमी करू शकतो, पण नाकारू शकत नाही. पॅनल साखर देत नाही, पाचट देत नाही, जनावरांना वाढे देत नाही आणि तोडणीवाल्याला मजुरीही देत नाही, हे सगळे मान्य. तरीही "गाडी चालवायला ऊस हवाच" असे कोणी व्यासपीठावरून सांगू लागला, तर त्याला हा आकडा दाखवावा. खडकाळ, पडीक रान असेल त्यांनी तर सौर कृषी वाहिनी योजनेची चौकशी करावी. त्यात हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरवलेले आहे.

माझ्या मते आबांनी भीती घातली ती विजेच्या मोटारीची, पण जवळचा धोका वेगळाच आहे. ब्राझीलने १९७५ साली इथेनॉलचा कार्यक्रम हाती घेतला. १९७९ पासून नुसत्या इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या निघाल्या आणि काही वर्षांतच तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या मोटारी त्याच होत्या. मग साखरेला भाव आला, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला आणि १९८९ मध्ये पंपांवर इथेनॉल मिळेना. लोकांनी पंपांवर रांगा लावल्या आणि पुढे त्या गाड्या घेणेच सोडले. विश्वास परत यायला २००३ साल उजाडले, जेव्हा कोणतेही मिश्रण चालेल अशा गाड्या आल्या. आता तिथला मोटारवाला पंपावर उभा राहून बघतो, इथेनॉल पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून स्वस्त असेल तर ते भरतो.

आपल्याकडे उलट झाले. लोकांनी पाठ फिरवली नाही, सरकारनेच हात आखडला. ७ डिसेंबर २०२३ रोजी रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली, ऐन हंगामात. ज्या कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, त्यांचे व्याज काही थांबले नाही. बंदी २०२४ च्या ऑगस्टमध्ये उठली, पण तोवर मक्यापासूनचे इथेनॉल पुढे गेले होते. भावाचेही तसेच. रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ मध्ये ६५ रुपये ६१ पैसे ठरला, २०२४-२५ मध्येही तोच होता. त्याच काळात उसाची एफ. आर. पी. ३०५ वरून ३४० रुपये क्विंटल झाली. उसाचा दर वाढलाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण मधली तफावत शेवटी तुमच्याच दुसऱ्या हप्त्यातून जाते.

म्हणून डिस्टिलरीइतकेच लक्ष टर्बाइनकडे असावे, असे मला वाटते. आपण बगॅसची वीज महावितरणला देतो तेव्हा युनिटला जो दर मिळतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट दराने सभासद तीच वीज घरी विकत घेतो. कारखान्याच्या पेट्रोल पंपाशेजारी, ऊस वाहनतळाच्या कडेला, चार चार्जर बसवले तर? सार्वजनिक चार्जर चालवायला वेगळा परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. हंगामात आपली वीज, हंगाम संपल्यावर छपरावरच्या पॅनलची आणि उरलेली महावितरणची. वस्तीवर सिंगल फेजमध्ये राहणाऱ्या सभासदाची अडचणही त्यातून थोडी सुटेल. ऊसबिलाच्या कामाला आला की गाडी लावावी, चहा घ्यावा.

ट्रॅक्टरबद्दल विचारतील म्हणून दोन ओळी. विजेवरचा छोटा ट्रॅक्टर निघाला आहे, कोळपणी-फवारणीला ठीक. पण ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर दिवसाला चाळीस लिटर डिझेल पितो, त्याच्या जागी एकशेवीस युनिट वीज लागेल आणि त्यासाठी बॅटरीच आठशे किलोंवर जाईल. शिवाय हंगामात ट्रॅक्टर रात्री मोकळा असतो कधी? तो विषय इतक्यात नको. दुचाकीचे मात्र उलट आहे. बॅटरी लहान, साध्या प्लगवर रात्रीत भरते, आणि कारखान्यावर ये-जा करणाऱ्याला दिवसाला पाच-सात रुपयांत काम भागते. पैसे बेताचे असतील त्याने सुरुवात तिथूनच करावी.

मागच्या पंधरवड्यात पहिल्या पाळीला कारखान्याच्या सायकल स्टँडवर मी विजेच्या दुचाकी मोजल्या. एकोणीस भरल्या. स्टँडवरचा माणूस म्हणाला, "पोरं प्लग मागत्यात, मी कुणाला ईचारू?" चार्जर आणि स्टँडवरचे प्लग यांबद्दल अर्ज लिहून ठेवला आहे. ज्या सभासदांना आणि कामगारांना सही करायची असेल त्यांनी शेतकी कार्यालयात सोमवारी यावे. आबांची सही पहिली आहे.